लस थंडीने बिघडते की उन्हाने? (लसींचे प्रकार आणि त्यामागचे आजार)

शीतपेटी

पलीकडच्या धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं, की मेडिकलमधून आणलेली बाळाची लस फ्रीजरमध्ये टाकली तर जास्त दिवस टिकेल का. उत्तर यायच्या आत तिथली गाडी पेट्रोलच्या भावावर गेली, म्हणून हा वेगळा धागा. उत्तर आधी देतो: नाही. पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), धनुर्वात, कावीळ ब यांची लस एकदा गोठली की संपली. नंतर वितळून दिसायला पहिल्यासारखी झाली तरी ती टोचण्यात अर्थ नाही.

माझी ओळख एवढीच, की जिल्ह्याच्या लस भांडारात औषध निर्माता होतो, आता निवृत्त. डॉक्टर नाही. 'माझ्या मुलाला देऊ का' हे आपापल्या डॉक्टरांना विचारा. पण भांडारात राहून एक गोष्ट पक्की कळली. लस कोणत्या प्रकारची आहे हे माहीत असलं, की ती किती वेळा द्यायची, कोणाला द्यायची नाही आणि कशाने बिघडते हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

पहिला गट जिवंत लसींचा. जंतू जिवंत असतो, पण प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवून त्याची नांगी मोडलेली असते. क्षयाच्या लसीचं, म्हणजे बीसीजीचंच बघा. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईंच्या क्षयाचा जंतू १३ वर्षं, सुमारे २३० वेळा नव्या माध्यमावर वाढवला, तेव्हा कुठे १९२१ मध्ये तो माणसाला द्यायच्या लायकीचा झाला. पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसचे थेंब, गोवर-रुबेला, कांजिण्या आणि पीतज्वराच्या लसी याच गटातल्या. हा जंतू शरीरात थोडा वाढतो, म्हणून बहुतेकींचं एकदोन डोसांत काम होतं, तोंडावाटेच्या थेंबांना मात्र जास्त लागतात. आणि तो वाढतो म्हणूनच गरोदर बाईला किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्याला या लसी देत नाहीत. यांचा शत्रू उष्णता. पोलिओचे थेंब सगळ्यात नाजूक, ते भांडारात उणे तापमानातच ठेवायचो.

दुसरा गट मेलेल्या जंतूंचा. पोलिओचं इंजेक्शन, रेबीज आणि डांग्या खोकल्याची जुनी लस. त्याला लागूनच टॉक्सॉइड. घटसर्प आणि धनुर्वात या आजारांत जंतूपेक्षा त्याचं विष घात करतं, म्हणून त्या विषाचाच दंश काढून लस बनवलेली. मग जंतूचा फक्त एखादा तुकडा घेतलेल्या लसी, जशी कावीळ ब. तिच्यासाठी विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात. यांपैकी काहीही शरीरात वाढत नाही, म्हणून दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने असे फेरे घालावे लागतात आणि वर बूस्टर. यांतल्या बऱ्याच लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो, त्याने प्रतिसाद जोरकस येतो. लस गोठली की या क्षाराच्या गुठळ्या होतात आणि लस वाया जाते.

हे ओळखायची एक पद्धत आहे, शेक टेस्ट. एक व्हायल, म्हणजे लसीची छोटी बाटली, मुद्दाम गोठवून वितळवायची. ती आणि संशयातली व्हायल हातात धरून सारखी हलवायची आणि टेबलावर शेजारी ठेवायची. गोठलेलीत कापसासारखे कण दिसतात, ते भराभर तळाला बसतात आणि वर पाणी निवळतं. चांगली लस बराच वेळ एकसारखी गढूळ राहते. संशयातली व्हायल गोठलेलीसारखी वागली, की फेकायची. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे घाबरायचे, पण जास्त लस मी गोठूनच बिघडलेली पाहिली. कारण उत्साही माणूस आईसपॅक डीप फ्रीजरमधून काढून तसाच लस नेण्याच्या कॅरियरमध्ये भरतो. तो आधी बाहेर ठेवून त्याला घाम फुटू द्यायचा. कानाशी हलवून आत पाणी डचमळल्याचा आवाज आला, की मगच भरायचा.

बाकी कॉन्जुगेट, एमआरएनए वगैरे जाणकारांनी लिहावं. मी निवृत्त झालो तेव्हा कोविडची धामधूम नुकती ओसरली होती.

अवंती_म

काका, मस्त धागा. माझी मुलगी नऊ महिन्यांची झाली. गोवर-रुबेलाला गेले तर 'आज एकच बाळ आहे, पुढच्या गुरुवारी या, चार-पाच जमली की व्हायल फोडू' असं सांगून परत पाठवलं. असं करतात का? दुसरं म्हणजे सोसायटीतल्या सगळ्या जणी बाळांना 'पेनलेस' लस देतात. मी सरकारी दवाखान्यातली पेंटा घेतली, रात्रभर ताप आणि मांडीला गाठ. सासूबाई म्हणाल्या, पैसे वाचवायला पोरीला त्रास दिला.

निशापाळी

मी एएनएम, म्हणजे लसी टोचणारी परिचारिका आहे, उपकेंद्रावर. नियम सांगते. एक बाळ आलं तरी व्हायल फोडायची, उरलेली वाया गेली तरी चालते. बाळ परत गेलं तर ते पुन्हा येईलच असं नाही. तरी तुम्हाला परत पाठवलं, त्यामागचं कारणही सांगते. गोवर-रुबेला आणि बीसीजी पावडर स्वरूपात येतात. पावडरमध्ये द्रावण मिसळलं की लस चार तासांत वापरायची, नाहीतर सत्र संपताना टाकून द्यायची. त्यात जंतुरोधक घातलेलं नसतं, जास्त वेळ ठेवली तर दुसरेच जंतू वाढून बाळाच्या जिवावर बेतू शकतं. पेंटाची उघडलेली व्हायल मात्र नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते. त्यामुळे वाया गेलेल्या डोसांचा हिशोब वरून विचारला, की काही जण गोवराची व्हायल फोडायला हात आखडता घेतात. चूक आहे ते. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा किंवा दुसऱ्या सत्राला जा. आशाताईंना विचारलं तर या आठवड्यात कुठे सत्र आहे ते त्या सांगतील.

जाताना व्हायलच्या लेबलवर किंवा झाकणावर एक गोल असतो, तो बघा, आम्ही दाखवतो. गोलाच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर तिला उष्णता लागली आहे, घेऊ नका. पण गोठलेली लस त्याने कळत नाही, त्याला काकांची शेक टेस्ट.

गाठीवर हळद, बटाटा, बर्फ, काही लावू नका. मसाजही नको. गाठ आपोआप जिरते.

स्टेथो

अवंतीताई, सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा, की पोरीला चांगली लस मिळाली आहे.

पेंटामध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (बाळांना न्यूमोनिया-मेंदूज्वर करणारा जंतू) अशा पाच लसी एकत्र असतात. ताप येतो तो मुख्यतः डांग्या खोकल्याच्या भागामुळे, कारण त्यात अख्खा मारलेला जंतू असतो. 'पेनलेस'मध्ये जंतूची फक्त निवडक प्रथिनं घेतलेली असतात, म्हणून ताप आणि सूज कमी. सुई तीच आणि टोचल्यावर रडणंही तेच. पण या दुसऱ्या प्रकाराचं संरक्षण लवकर ओसरतं. अमेरिकेने नव्वदच्या दशकात मुलांसाठी पूर्णपणे हा प्रकार स्वीकारला आणि पुढे तिथे शाळकरी मुलांत डांग्या खोकला पुन्हा डोकं वर काढू लागला. दोन्ही लसी मान्यताप्राप्त आहेत, कोणी पेनलेस घेतली तर गुन्हा नाही. पण सरकारी म्हणजे दुय्यम हा समज डोक्यातून काढा.

काकांनी सोडलेली जागा भरतो. हिब, न्यूमोकोकस, टायफॉइड या जंतूंच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं कवच असतं. मोठ्या माणसाचं शरीर ते कवच ओळखतं. दोन वर्षांखालच्या बाळाला ते नीट ओळखता येत नाही, आणि न्यूमोनिया-मेंदूज्वराने याच वयात सगळ्यात जास्त घात होतो. म्हणून ते कवच एखाद्या प्रथिनाला जोडून देतात, ती कॉन्जुगेट लस. अशाने बाळाचं शरीर त्याची दखल घेतं आणि आठवणही ठेवतं. टायफॉइडची जुनी साधी लस दोन वर्षांनंतरच देता यायची. कॉन्जुगेट नवव्या महिन्यातही देतात. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या मुलांना मोहिमेतून द्यायला सुरुवात केली. सरकारी यंत्रणेने मोहीम काढून ही लस देण्याची जगातली ती पहिलीच वेळ. आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथी थोपवणारी मेन-आफ्रि-व्हॅक हीसुद्धा कॉन्जुगेटच, आणि ती आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली. २०१० पासून तिकडे गेली. कोविडच्या आधीची ही कामगिरी इथे फारशी कोणाला ठाऊक नसते.

कोविडच्या लसींबद्दल थोडक्यात. कोव्हॅक्सिन म्हणजे अख्खा मारलेला विषाणू, पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला. कोविशील्डमध्ये चिंपांझीचा सर्दीचा विषाणू, वाढू न शकणारा केलेला, तो कोरोनाची ओळख पोचवणारा फक्त निरोप्या. झायकोव्ह-डी डीएनएवर आधारलेली होती, तीही बिनसुईची. प्रकार वेगवेगळे आणि आजार एकच, असं उदाहरण क्वचित मिळतं.

बंड्या७७

एक विचारतो, रागावू नका. आमच्या लहानपणी चार लसी होत्या. आता जन्मल्यापासून सुया टोचताय. आम्ही जगलोच की. फार्मा कंपन्यांचा धंदा आहे सगळा. आणि गोवराच्या लसीने ऑटिझम होतो हे व्हॉट्सॲपवर डॉक्टरनेच लिहिलेलं वाचलं.

पिंपळपान

बंड्या, कुठल्या साली जन्मलास? मी १९५१ चा. आमच्या आळीत घटसर्पाने गेलेली दोन मुलं मला आठवतात. त्यांतला एक माझ्या वर्गात होता. आईच्या आत्याचा एक डोळा देवीने गेलेला, चेहरा वणांनी भरलेला. तिचं लग्न झालंच नाही. आम्ही 'जगलो' त्यात हे सगळे मोजायचे की नाही?

देवी टोचणारा माणूस आला, की आम्ही माळ्यावर लपायचो. माझ्या दोन्ही दंडांवर खुणा आहेत, रुपयाएवढ्या. माझ्या नातीच्या दंडावर देवीची खूण नाही, कारण आजारच उरला नाही. भारतात शेवटची रोगी १९७५ मध्ये सापडली आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे लसही बंद होते बाबा, काम झालं की. धंदाच असता तर ती कशाला बंद केली असती?

स्टेथो

ऑटिझमचं मूळ सांगतो. १९९८ मध्ये वेकफील्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लॅन्सेटमध्ये १२ मुलांवरून एक लेख छापला. त्यातली माहिती फिरवलेली निघाली. लॅन्सेटने २०१० मध्ये लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचा परवाना गेला. त्यानंतर अनेक देशांत लाखो मुलांचा अभ्यास झाला, संबंध आढळला नाही.

गोवराला हलकं घेऊ नका. एक रोगी लस नसलेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना देतो, इतका वेगाने पसरणारा दुसरा आजार शोधावा लागेल. म्हणून ९५ टक्के मुलांना दोन डोस मिळाले तरच तो थांबतो. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी भागात गोवर उसळला, मुलं दगावली, भिवंडी-मालेगावलाही पोचला. कोविडच्या काळात राहून गेलेल्या डोसांची ती वसुली होती. आणि गोवर गेल्यावरही तो शरीराची इतर आजारांविरुद्धची आठवण पुसून जातो, मूल पुढे कितीतरी महिने न्यूमोनिया-जुलाबांना बळी पडतं.

बंड्या७७

१९७७. आयडीतच आहे. बरं, देवीचा मुद्दा मान्य. व्हॉट्सॲपवाल्याला विचारतो कुठला डॉक्टर ते.

गोदाकाठ

निशापाळीताईंनी चार तासांचा नियम सांगितला, त्यावरून इतिहासातला एक प्रसंग. थोडं अवांतर होईल, पण मुंबईचा विषय आहे म्हणून लिहितो.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. वाल्देमार हाफकिन तेव्हा कलकत्त्यात पटकीच्या लसीवर काम करत होते, त्यांना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि मोजके मदतनीस मिळाले. लस म्हणजे उष्णतेने मारलेला प्लेगचा जंतू, काकांच्या दुसऱ्या गटातला. पण जंतू भरपूर वाढणार कसा? हाफकिननी मांसाच्या रश्शात वर तुपाचे थेंब सोडले. थेंब पृष्ठभागावर तरंगतात आणि त्यांना खालून जंतूंच्या वाढीचे झुबके लोंबत राहतात, गुहेच्या छताला चुन्याचे सुळके लोंबतात तसे. भांडं हलवलं की झुबके तुटून तळाला आणि थेंबाखाली पुन्हा नवे. रसासाठी गाईचं मांस टाळून बोकडाचं वापरलं, लोकांचा विचार करून. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतलं, नेहमीच्या डोसाहून जास्त. ताप येऊन पडले. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वयंसेवकांवर चाचणी झाली. आगाखानांनी स्वतः लस घेतली आणि प्रयोगशाळेला जागा दिली, तेव्हा लोकांची भीती थोडी मोडली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

आता मुद्द्याचं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी या लसीच्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. हाफकिनना निलंबित केलं. चौकशांचं गुऱ्हाळ वर्षानुवर्षं चाललं. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, हे लक्षात घेतलं गेलं. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले, पण माणूस मोडला तो मोडलाच. परळची संस्था १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. लस चांगली, पण उघडल्यानंतरची हाताळणी वाईट. ताईंचा चार तासांचा नियम याच भीतीतून आलेला आहे.

शीतपेटी

वा गोदाकाठ! परळला प्रशिक्षणाला गेलो होतो, तेव्हा हे तुपाचं कोणी सांगितलं नव्हतं.

एक भर. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, तो मातीतून येतो. त्यामुळे शेजारच्या सगळ्यांनी लस घेतली म्हणून आपण वाचलो, हे गोवरात चालतं पण धनुर्वातात चालत नाही. शिवाय धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही पुन्हा होऊ शकतो, कारण ते विष इतकं जहाल की शरीराला ओळख पटायच्या मात्रेआधीच माणूस संपतो. आता धनुर्वाताच्या साध्या टीटी लसीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचाही थोडा अंश असतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी, आणि गरोदर बाईला. पडलो-खरचटलो की दर वेळी पळत जाऊन 'टीटी' मारून घेणारे काका मंडळी इथे असतील, त्यांनी आधीचे डोस पूर्ण आहेत का ते बघावं. दर खरचटण्याला लागत नाही.

सातेरी

दोडामार्गकडून लिहितेय. आमच्याकडच्या माकडतापाचं कोणी बोलत नाही. काजूच्या हंगामात माकडं मरून पडायला लागली की पोटात गोळा येतो. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी उतरतात आणि काजू गोळा करणाऱ्याला चावतात. २०१५ ला पलीकडे गोव्यात सत्तरी तालुक्यात होता, मग आमच्याकडे आला. आरोग्यवाले लस द्यायचे, गोचिडी लांब राहाव्यात म्हणून अंगाला लावायला डेपा तेल पण द्यायचे. आता म्हणे लस बंद केली. का?

स्टेथो

खरं आहे सातेरीताई. माकडताप म्हणजे क्यासनूर जंगल ताप, १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा भागात पहिल्यांदा ओळखला. लस मारलेल्या विषाणूची होती. महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा-नऊ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी बूस्टर. टोचल्यावर दुखायची फार, लोक दुसऱ्या डोसाला येत नसत आणि घेतलेल्यांनाही आजार होऊ लागला. परिणामकारकता घसरत गेली म्हणून २०२२ मध्ये थांबवली. नव्या लसीचं काम चालू आहे. तोवर गोचिडींपासून बचाव हाच उपाय. पूर्ण बाह्यांचे कपडे, डेपा तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. मेलेल्या माकडाला हात न लावता लगेच कळवा.

प्रत्येक आजाराला लस मिळतेच असं नाही. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांत सापडला, नाव गावाचंच. अजून त्यावर लस नाही. जपानी मेंदूज्वरावर आहे, पण ती फक्त जोखमीच्या जिल्ह्यांत देतात.

सातेरी

धन्यवाद डॉक्टर. हंगामात रोज आंघोळीला गरम पाणी म्हणजे लाकडं फोडा आधी. पण करतो.

हडसनपार

न्यू जर्सीतून. मुलांना इकडे शिकायला पाठवणाऱ्यांनी वाचा. कॉलेज एमएमआरचे (गोवर-गालगुंड-रुबेला) दोन डोस तारखेसह मागतं. आपल्या बहुतेकांच्या कार्डावर लहानपणच्या एका गोवराच्या डोसाची नोंद, तीही वाचता येत नाही. मग एकतर रक्ताची टायटर चाचणी करून प्रतिकारशक्ती दाखवायची, नाहीतर निघण्याआधीच चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायचे. इथे येऊन केलं तर खिशाला भोक.

दुसरी गंमत बीसीजीची. इथे ती सरसकट देत नाहीत. आपल्या दंडावर वण आणि हातावरची त्वचेची क्षय चाचणी पॉझिटिव्ह, लगेच क्ष-किरण वगैरे सुरू. त्यापेक्षा रक्ताची इग्रा चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

अवंती_म

पण मग बीसीजी घेऊनही क्षय होतोच की लोकांना? तिकडे देत नाहीत तर आपण का देतो?

निशापाळी

बाळांना क्षयाचा मेंदूज्वर आणि सगळ्या अंगात पसरणारा क्षय होऊ नये म्हणून देतो. त्याला ती चांगली आहे. मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा देता येत नाही. इथे क्षय घराघरात आहे, तिकडे नाही. नवजात बाळाला डाव्या दंडावर, कातडीच्या आतच ०.०५ मिलि. लगेच संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा आला पाहिजे. महिन्या-दीड महिन्याने फोड येऊन फुटतो, तेव्हा आया घाबरून पावडर-मलम लावतात. लावू नका, तो तसाच वाळू द्या.

आणि कावीळ ब चा पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांत. आईकडून बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत तो विषाणू कायमचा बसतो, पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. मोठ्या माणसात तो बहुधा निघून जातो. प्रसूती रात्री झाली आणि 'सकाळी देऊ' म्हणाले, तरी आठवण करून द्या.

टवाळ_कार्टा

नागिणीची लस निघालीय म्हणे. आजी म्हणायची, नागिणीचं तोंड आणि शेपटी जुळली की माणूस जातो. आता तिला सांगावं लागेल, शेपटीच्या आधी सुई पोचते.

स्टेथो

आजींना सांगा, तोंड-शेपटी काही नसतं. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. वय झालं किंवा प्रतिकारशक्ती खालावली, की एका मज्जातंतूच्या पट्ट्यात बाहेर पडतो. पट्टा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो, म्हणून तोंड-शेपटी जुळायचा प्रसंग सहसा येतच नाही. फोड जातात, पण नंतरची आग कधीकधी वर्षभर छळते, लस घ्यायची ती मुख्यतः त्यासाठी. नवी लस जिवंत नाही, विषाणूचं एक प्रथिन आणि सोबत प्रतिसाद वाढवणारं मिश्रण. पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे. दोन दिवस अंग ठणकतं.

मधुमेह किंवा दमा असलेल्या वडीलधाऱ्यांना त्याआधी फ्लूची दरवर्षी आणि न्यूमोकोकसची द्या, खिसा एकच असेल तर माझ्या मते हा क्रम. मुलीला नऊ ते चौदा वर्षांत एचपीव्ही विषाणूची लस, गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्यासाठी. त्यात फक्त विषाणूचं रिकामं कवच असतं.

मुळामुठा

काल संध्याकाळी आमच्या गल्लीत कुत्रं माझ्या भाच्याला चावलं. पोटरीत दात रुतले, रक्त आलं. वहिनींनी जखमेत मिरचीपूड भरली. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील म्हणून तो रडतोय. काय करू?

निशापाळी

अहो आधी उठा! मिरची धुऊन काढा. नळाखाली, साबण लावून, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. मग आयोडीनचं जंतुनाशक. पट्टी घट्ट बांधू नका. आणि लगेच, उद्यावर न ढकलता, सरकारी रुग्णालयात. लस तिथे मोफत असते.

स्टेथो

रक्त आलं म्हणजे तिसरी श्रेणी. लसीसोबत जखमेत आणि आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिन लागेल, ते मागून घ्या. लस आपलं काम सुरू करायला काही दिवस घेते, तोवर ही तयार प्रतिपिंडं खिंड लढवतात. लस आता दंडात. कातडीत देत असतील तर आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत असेल तर चौदाव्या दिवशीही. कुल्ल्यावर कधीच नाही. 'कुत्रं पाळलेलं आहे, दहा दिवस बघू' असं करून सुरुवात लांबवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की औषध नाही.

पिंपळपान

भाच्याला सांगा, ती चौदा आमच्या वेळची. मेंढीच्या मेंदूत वाढवून मारलेल्या विषाणूची लस होती, कसौलीची. बेंबीभोवती रोज एक. माझ्या मोठ्या भावाने घेतली, सातव्या दिवशी पळून गेला होता, वडिलांनी शेतातून धरून आणला.

मुळामुठा

धुतलं, नेलं. पहिला डोस आणि ते दुसरं जखमेतलं, दोन्ही दिलं. सिव्हिलमध्ये रांग होती पण झालं. आता प्रश्न, तिसऱ्या दिवशी त्याची परीक्षा आहे. चौथ्या दिवशी घेतली तर सगळं पहिल्यापासून का?

स्टेथो

पहिल्यापासून नाही. राहिलेला डोस शक्य तितक्या लवकर घ्यायचा आणि पुढचे डोस तेवढेच सरकवायचे. बाळांच्या लसींनाही हेच लागू, राहिलेला डोस द्यायचा आणि पुढे जायचं. पण रेबीजमध्ये मुद्दाम लांबवू नका. परीक्षा अकराची असेल तर आठला जा.

मुळामुठा

दहाची आहे. सातला नेतो.